आजोबाही गुडघ्यावर

आज २५ जुलै. वसईचे धर्मगुरू आणि ‘सुबोध बायबल’कार फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचा स्मृतिदिन. २०२४ साली याच तारखेला ते गेले आणि भातलावणीच्या दिवसांत वसईने त्यांना नंदाखालच्या देवळात निरोप दिला. ४ डिसेंबर १९४२ रोजी ते जन्मले तेही याच नंदाखाल गावात. कॅथलिक दिनदर्शिकेत २५ जुलै हा संत याकोबाचा सण. आगाशीचे जुने देऊळ याच संताच्या नावाचे आहे. उद्या, २६ जुलैला, संत आन्ना आणि संत ज्वाकीम यांचा सण. परंपरेने हे दोघे मरियेचे आईवडील, म्हणजे येशूचे आजी-आजोबा. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये जुलैचा चौथा रविवार जगभरच्या आजी-आजोबांसाठी राखून ठेवला, तो या सणाला धरूनच. एका धर्मगुरूचे स्मरण आणि आजी-आजोबांचा सण असे लागून येतात, म्हणून आज फादरांच्या कर्तृत्वाची यादी देण्याऐवजी त्यांच्यासारखी माणसे ज्या घरांनी घडवली त्या घरांविषयी लिहावे असे आम्हाला वाटते. ती घरे कडक होती. त्या कडकपणाची आज अनेकांना लाज वाटते, काहींना त्याची भीती अजून आठवते. आमच्या मते त्यात जपून ठेवण्यासारखे पुष्कळ आहे. मात्र नेमके काय, हे नीट ओळखायला हवे.

संध्याकाळी देवळाची घंटा वाजली की मूल घरात हवे, हा पहिला नियम. खेळ कितीही रंगलेला असो, घंटेनंतर वाटेवर दिसलेल्या पोराला शेजारचा कोणीही कान धरून घरी आणून सोडी आणि त्याबद्दल कोणाच्या आईवडिलांना राग येत नसे. हातपाय धुऊन सगळे घर क्रुसासमोर जमे. मेणबत्ती लागे. मग रोझरी. पाच दशके, दर दशकात दहा ‘नमो मारिया’, त्यानंतर लांबलचक लितानी, घरातल्या मेलेल्यांसाठी प्रार्थना, गावातल्या आजाऱ्यासाठी प्रार्थना, आणि पाऊस लांबला असेल तर पावसासाठीही. दिवसभर वाडीत राबलेल्या बाईचा डोळा लागे, पेंगणाऱ्या पोराला कोपर बसे. प्रार्थना संपली की लहानांनी एकेका मोठ्याकडे जाऊन आशीर्वाद घ्यायचा, त्यात रुसलेल्या काकीला वगळता येत नसे. जेवण त्यानंतर. ताटे वाढलेली असली तरी झाकून ठेवलेली असत.

वर्षाचेही असेच. राखेच्या बुधवारी कपाळावर राख लागली की चाळीस दिवसांच्या उपवासकाळात घराचा सूर खाली येई. लग्न नाही, बँडबाजा नाही, मांस नाही, अनेक घरांतल्या पुरुषांचा घोटही बंद. दर शुक्रवारी क्रुसाच्या वाटेची चौदा स्थाने. रविवारची मिस्सा, म्हणजे देवळातली उपासना, चुकणे म्हणजे तापाने फणफणलेले असणे. दुसरे कारण नव्हते. ख्रिस्तशरीर घ्यायचे, म्हणजे कम्युनियन घ्यायचे असेल तर आदल्या मध्यरात्रीपासून पोटात काही जाता कामा नये, अगदी पाण्याचा थेंबही, असा नियम १९५३ पर्यंत होता. त्या वर्षी पोप पायस बारावे यांनी पाण्याला मुभा दिली, १९५७ मध्ये उपासाचा काळ तीन तासांवर आणला आणि १९६४ मध्ये पोप पॉल सहावे यांनी तो एका तासावर आणला. त्याआधीच्या पिढीतला दूधवाला पहाटे गोठ्यात राबून, दुधाच्या बरण्या भरून, तोंडात पाणी न घालता पहिल्या मिस्सेला उभा राही. वाडीवरचा रहाट रविवारी थांबे. केळी, पानवेली, फुले यांवर पोट असलेल्या शेतकऱ्याला एक दिवस काम थांबवणे म्हणजे सोमवारच्या दादरच्या बाजाराला कमी माल, हे त्याला पक्के कळत होते. तरी थांबे.

या सगळ्याकडे बाहेरून पाहणाऱ्याला यात नियमांचा जाच दिसेल. आम्हाला यात एक वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. रोझरीला आजोबाही गुडघ्यावर असत. घरात ज्यांचा शब्द अखेरचा, ज्यांच्यासमोर सून डोक्यावरचा पदर ढळू देत नसे, ते आजोबा जमिनीवर, नातवाच्या बाजूला, दुखरे गुडघे टेकून, त्याच शब्दांत स्वतःला पापी म्हणून क्षमा मागत असत. मध्यरात्रीनंतर पाणी नातवाला नव्हते तसे आजोबांनाही नव्हते. उपवासकाळात पोराच्या ताटातून मटण गेले ते बापाच्याही ताटातून गेले. नियम सांगणारा स्वतः नियमाखाली आहे, हे दृश्य मुलाच्या डोळ्यांसमोर रोज असे. आमच्या मते कडक वळणाचे टिकाऊ मोल इथे आहे. नियम किती होते, त्यांतले किती आज पाळण्यासारखे आहेत, हे दुय्यम.

प्रायश्चित्त संस्काराने, म्हणजे कन्फेशनने, हीच गोष्ट आणखी खोल नेली. सात-आठ वर्षांच्या मुलाला पहिल्या कम्युनियनच्या आधी स्वतःच्या मनाची झडती घ्यायला शिकवले जाई. दहा आज्ञा एकेक करून समोर ठेवायच्या आणि आपण कुठे चुकलो ते शोधायचे. झाल्याचे वाईट वाटले पाहिजे. पुन्हा करणार नाही असा निश्चय हवा. मग जाळीआड बसलेल्या फादरांना तोंडाने सांगायचे. मग फादर सांगतील ते प्रायश्चित्त करायचे. या पाच पायऱ्या धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ करून घेतल्या जात. दुसऱ्याने काय केले हे तिथे चालत नसे. ‘त्याने आधी मारले’ म्हणून सुटका नव्हती. आणि चोरीचे पाप असेल तर नुसत्या क्षमेने भागत नसे. घेतलेली वस्तू परत करण्याचे बंधन राही. शेजारच्या वाडीतून उचलून आणलेला आंबा संध्याकाळी, सगळ्यांच्या देखत, परत नेऊन द्यावा लागलेले किती तरी म्हातारे वसईत आजही भेटतील. त्यांना आंब्याची चव आठवत नाही, वाट आठवते.

अशाच जाळीसमोर फादर स्वतःही दुसऱ्या फादरांपुढे गुडघे टेकतात, बिशप टेकतात, रोममधले पोप टेकतात, हे त्या मुलाला कळे तेव्हा त्याच्या मनात जगाचा एक नकाशा तयार होई. त्या नकाशात नियमाच्या वर बसलेला एकही माणूस नव्हता. जुन्या धर्मशिक्षणातल्या चौथ्या आज्ञेचा खुलासा याच नकाशाचा. आईवडिलांचा आणि वडीलधाऱ्यांचा मान राखा, त्यांची आज्ञा पाळा, असे ती आज्ञा सांगते. आणि पारंपरिक शिकवण तिला लगेच मर्यादा घालते, की ही आज्ञाधारकता पाप नसलेल्या गोष्टींपुरतीच. वडीलधारा पाप करायला सांगत असेल तर त्याचे ऐकायचे नाही. म्हणजे आज्ञा पाळायला शिकवणाऱ्या धड्यातच आज्ञा मोडण्याची जागा दाखवलेली होती. धडा पाठ करणाऱ्या मुलाला ते तेव्हा उमजले नसेल. पुढे कधीतरी उमजते.

वसईच्या मातीत आतून चालणाऱ्या अशा वळणाचे सर्वांत जुने उदाहरण संत गोन्सालो गार्सिया यांचे. सोळाव्या शतकाच्या मध्यावर वसईत जन्मलेला हा मुलगा किल्ल्यातल्या जेझुइटांच्या हाताखाली शिकला, त्यांच्याबरोबर जपानला गेला, तिथे वर्षानुवर्षे धर्मशिक्षक म्हणून राबला. जेझुइट संघात आपल्याला घ्यावे ही त्याची इच्छा होती. त्याला घेतले गेले नाही. ज्या माणसांनी शिस्त लावली त्यांनीच दार उघडले नाही, अशा वेळी कोणीही शिस्तीलाच शाप दिला असता. गोन्सालोंनी व्यापार केला, आशियाच्या बंदरांतून फिरले, जपानी भाषेवर हुकमत मिळवली आणि अखेर मनिलाला फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाले. १५९३ मध्ये दुभाषी म्हणून ते पुन्हा जपानला गेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे त्यांना आणखी पंचवीस जणांसह क्रुसावर मारण्यात आले. ८ जून १८६२ रोजी पोप पायस नववे यांनी त्यांना संत घोषित केले. भारतात जन्मलेले ते पहिले संत. गासच्या देवळाला त्यांचे नाव आहे, वसईतल्या महाविद्यालयालाही आहे. आम्हाला त्यांच्या मरणाइतकीच मधली वर्षे मोलाची वाटतात. व्यापारात पैसा होता, वरून कोणी लक्ष ठेवणारे नव्हते, घंटा वाजवून घरी बोलावणारेही कोणी नव्हते. तरी लहानपणी लागलेले वळण आतून चालूच राहिले.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि त्यानंतर इथे ख्रिस्ती धर्म वाढला त्यात उपदेश होता तसा सत्तेचा दबावही होता. हे लपवून आपल्या परंपरेचा गौरव करणे म्हणजे आठव्या आज्ञेचा, खोटी साक्ष न देण्याच्या आज्ञेचा, भंग आहे. पण १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि ती सत्ता गेली. किल्ल्यातले मठ आणि देवळे ओस पडली. त्यांच्या भिंतींवर आज वड-पिंपळ वाढले आहेत. दबाव टाकणारे निघून गेल्यावर दबावाने आलेले सगळे वाहून जायला हवे होते. तसे झाले नाही. सामवेदी, वाडवळ, कोळी अशा समाजांतली ही माणसे ख्रिस्ती राहिली, आपली बोली, आपले लुगडे, आपली शेती सांभाळून राहिली. धर्मगुरू थोडे, मोठ्या संस्था नाहीत, राजाश्रय नाही, अशा काळात धर्म कोणी सांभाळला असेल तर तो संध्याकाळी मेणबत्ती लावणाऱ्या बाईने. तिचे नाव कोणत्याही बखरीत नाही.

पुढे या वळणाने पैशाच्या व्यवहारातही घर केले. १९१८ मध्ये मोन्सिन्योर पी. जे. मोनीस यांनी बसीन कॅथलिक सहकारी बँकेची मुहूर्तमेढ रोवली, ती शेतकऱ्यांना सावकाराच्या विळख्यातून सोडवण्यासाठी. सहकारी पतसंस्था कशावर चालते? कर्जदार आपणहून हप्ता भरील यावर. घेतलेले परत करायचे असते हे ज्याला पहिल्या कम्युनियनच्या आधी शिकवले गेले आहे, त्याच्या दाराशी वसुलीदार उभा करावा लागत नाही. शंभर वर्षे ओलांडून ती बँक आज शेड्यूल्ड बँक म्हणून उभी आहे. त्यात व्यवस्थापनाचे, कायद्याचे, मुंबईच्या वाढत्या बाजारपेठेचे वाटे आहेतच. पण आरंभीच्या भांडवलात सातव्या आज्ञेचाही हिस्सा होता असे आम्ही मानतो.

आता फादर दिब्रिटोंकडे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईच्या हिरव्या पट्ट्यावर बांधकामाची नजर पडली. शेतजमिनी विकासासाठी खुल्या होऊ लागल्या. १९९० मध्ये सिडकोची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली. गावातल्या विहिरींचे पाणी टँकरने उपसले जाऊ लागले, बावखले, म्हणजे गावातली तळी, बुजू लागली, गोडे पाणी खारट होऊ लागले. आणि या सगळ्याच्या मागे दहशत होती. दिवसाढवळ्या खून पडत होते, साक्षीला कोणी पुढे येत नव्हते, सभेला जाणारा माणूस आधी मागे वळून पाहत होता. अशा काळात हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली आणि तिच्या अग्रभागी पांढऱ्या झग्यातले एक धर्मगुरू होते. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादकपद फादरांकडे १९८३ ते २००७ असे होते. त्या मासिकातून आणि व्यासपीठावरून त्यांनी दहशतीला दहशतच म्हटले.

त्यांच्यामागे जे लोक चालले ते कोण होते, हे आज विसरता कामा नये. त्यांत लाल लुगड्यातल्या बाया होत्या, ज्यांनी आयुष्यात मोर्चा पाहिला नव्हता. पानवेलीवाले होते, दूधवाले होते, शाळामास्तर होते. हिंदू शेजारी होते, समाजवादी कार्यकर्ते होते. ख्रिस्ती घरांतून आलेली ही माणसे अगदी आज्ञाधारक म्हणून वाढलेली. घंटा वाजली की घरी येणारी, फादरांपुढे आवाज न चढवणारी, सरकारी कागदावर दाखवतील तिथे सही करणारी. समाजशास्त्राच्या साध्या गणिताप्रमाणे अशा वळणातून मुकाट माणसेच निघायला हवीत. निघाली ती रस्त्यावर उभी राहणारी. आमचे स्पष्टीकरण असे, की गुंडाच्या दरडावणीत त्यांना काहीतरी चुकीचे तात्काळ ओळखू आले. हा माणूस दुसऱ्यांना नियम घालतो आणि स्वतः कोणत्याच नियमाखाली नाही. त्यांनी लहानपणापासून पाहिलेला अधिकार असा नव्हता. त्यांनी पाहिलेला अधिकार संध्याकाळी गुडघे टेकत असे. जो कोणापुढेही टेकत नाही त्याचे ऐकायचे कशाला, हा प्रश्न त्यांना पडू शकला, कारण उत्तर त्यांच्या अंगवळणी होते.

हे सगळ्यांबद्दल खरे नाही. त्याच घरांतून, त्याच रोझरीतून उठून चांगल्या भावात वाडी विकणारेही निघाले, विहिरीचे पाणी टँकरला देणारेही निघाले. कडक वळण हा चांगुलपणाचा विमा नव्हे. पण हेही खरे, की विकणाऱ्यांतले कित्येक पुढे कन्फेशनच्या रांगेत अस्वस्थ उभे राहिले. त्या अस्वस्थतेला आम्ही क्षुल्लक मानत नाही. जिथे ती उरत नाही तिथे पश्चात्तापाची शक्यताही उरत नाही.

फादरांच्या आयुष्यात हा ताठपणा शेवटपर्यंत दिसला. उस्मानाबादला २०२० च्या जानेवारीत भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून त्यांची निवड झाली तेव्हा एक ख्रिस्ती धर्मगुरू या पदावर कसा, म्हणून धमक्या आल्या. मराठी बायबल सोप्या, आजच्या मराठीत आणण्यासाठी ज्याने वर्षे घातली, ज्याच्या ‘सुबोध बायबल’ला २०१३ चा साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, त्याला मराठीपणाचे प्रमाणपत्र मागितले जात होते. फादर आजारी होते. तरी गेले, चाकाच्या खुर्चीतून मंचावर आले आणि असहिष्णुतेविरुद्ध बोलले. ज्या मुलाला ताप आल्याशिवाय मिस्सा चुकवता येत नव्हती, तो म्हातारपणी दुखणे असतानाही ठरलेल्या ठिकाणी हजर राहिला, याचे आम्हाला आश्चर्य वाटत नाही.

आणि हे वळण मन बंद करणारे होते असे म्हणणाऱ्यांनी वसईचे पहिले बिशप थॉमस डाबरे यांच्याकडे पाहावे. २२ मे १९९८ रोजी वसई धर्मप्रांत स्थापन झाला तेव्हा त्याची धुरा ज्यांच्याकडे आली त्या डाबरेंनी डॉक्टरेटसाठी विषय निवडला होता तुकारामांच्या ईश्वरानुभवाचा. एकादशीला निर्जळी उपास करणारे वारकरी घर आणि मध्यरात्रीपासून पाणी न पिणारे वसईचे ख्रिस्ती घर, दोघांना एकमेकांची भाषा कळायला फार कष्ट पडत नाहीत. ज्याच्या घरात काहीतरी पवित्र मानून सांभाळले जाते त्याला दुसऱ्याच्या घरातल्या पावित्र्याचा आदर वाटतो. निदान वाटण्याची तयारी त्याच्यात झालेली असते.

आता जे दुखते त्याबद्दल. या घरांत वेताच्या छड्या होत्या. नरकाच्या आगीची वर्णने सांगून पोरांची झोप उडवली जात होती. मुलगा उशिरा आला तर रागावणे आणि मुलगी उशिरा आली तर मारणे, हा फरक होता. जातीबाहेर, म्हणजे सामवेदीने वाडवळात किंवा कोळ्यांत, लग्न ठरवले तर क्रुसासमोर एकत्र गुडघे टेकणारेच एकमेकांशी बोलणे टाकत होते. ‘फादरांनी सांगितले’ एवढे म्हटले की पुढचा प्रश्न विचारायचा नाही, हीही सवय होती. आणि जगभरच्या कॅथलिक चर्चला गेल्या काही दशकांत ज्या लाजिरवाण्या प्रकरणांना सामोरे जावे लागले, धर्मगुरूंकडून मुलांवर झालेले अत्याचार आणि ते झाकणारे वरिष्ठ, त्यांनी हीच सवय किती घातक ठरू शकते ते दाखवले आहे.

हे दोष कडकपणाचे म्हणून सांगितले जातात. आम्ही ते जवळून पाहू इच्छितो. छडी मारणाऱ्या बापाला छडी नव्हती. मुलीच्या उशिरा येण्याचा नियम तिच्या भावाला नव्हता. रोझरीत सगळे सारखे म्हणायचे आणि लग्नाच्या बोलणीत जात काढायची, म्हणजे जो नियम देवासमोर कबूल केला तो मांडवात स्वतःला लावायचा नाही. आणि मुलांवर अत्याचार करून सुटणारा धर्मगुरू हे तर नियमातून स्वतःला बाहेर काढणाऱ्या अधिकाराचे सर्वांत भयंकर उदाहरण. या प्रत्येक ठिकाणी शिस्त जास्त झाली म्हणून घात झाला नाही. ती फक्त खालच्यांना लावली गेली म्हणून झाला. जिथे वरच्यालाही लागू होती तिथे तिने माणसे उभी केली. जिथे वरचा सुटला तिथे तिने माणसे मोडली. म्हणून परंपरेचा अभिमान धरणाऱ्यांनीच, इतरांच्या आधी, चर्चमध्ये मुलांच्या संरक्षणाचे नियम कसोशीने पाळले जातात की नाही हे विचारले पाहिजे. तो प्रश्न परंपरेच्या विरोधात नाही. चौथ्या आज्ञेला घातलेली मर्यादाच तो विचारायला लावते.

आज परिस्थिती किती बदलली आहे हे वसईकराला सांगायला नको. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या १२,२२,३९० होती आणि आज लोकल गाड्यांत उभे राहायलाही जागा नाही. सहाव्या मजल्यावरच्या घरात देवळाची घंटा ऐकू येत नाही. बाप रात्री दहाला येतो, आई साडेआठला, मूल शिकवणीहून नऊला. मुलगा आखातात, मुलगी कॅनडात, आजी नंदाखालच्या नाहीतर भुईगावच्या जुन्या घरात एकटी. रोझरी आजही होते, पण पुष्कळदा फोनच्या पडद्यावर, आणि अर्ध्यावर कोणाला तरी दुसरा फोन येतो. या कुटुंबांना आजोबांच्या काळचे वेळापत्रक पाळा म्हणून दटावण्यात अर्थ नाही. आमची मागणी ती नाही.

काळजी आहे ती भाषेची. हे सगळे वळण मराठीतून आणि घरच्या बोलीतून लागले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६५ नंतर, लॅटिनच्या जागी मराठी मिस्सा आली आणि पहिल्यांदा वसईच्या शेतकऱ्याला वेदीवरचा प्रत्येक शब्द समजला. फादर दिब्रिटोंची पिढी त्या बदलाच्या उंबरठ्यावर धर्मगुरू झाली. त्यांचे बायबल हे त्याच कामाचे फळ. आज नातू इंग्रजी माध्यमात शिकतो, धर्मशिक्षण इंग्रजीत घेतो, इंग्रजी मिस्सेला जातो आणि आजीच्या प्रार्थना त्याला येत नाहीत. आजीला त्याच्या येत नाहीत. दोघे एका खोलीत गुडघे टेकू शकतात, पण एकमेकांच्या मागे ‘आमेन’ म्हणू शकत नाहीत. इंग्रजी शिकू नये असे कोणी शहाणा म्हणणार नाही. परंतु आजी-आजोबांचा दिवस साजरा करताना त्यांना हार घालून फोटो काढणे आणि त्यांची भाषा घरातून हद्दपार करणे, या दोन गोष्टी एकाच वेळी करण्याचे धाडस आपण करतो आहोत.

दुसरी काळजी आईवडिलांची. धर्मशिक्षणाचा वर्ग हल्ली पुष्कळांना शिकवणीसारखा वाटतो. रविवारी सकाळी मुलाला देवळाच्या दाराशी सोडायचे, स्वतः बाहेर गाडीत फोन पाहत बसायचे, तासाने घेऊन जायचे. पहिल्या कम्युनियनला पांढरा पोशाख, हॉल, केक, दोनशे माणसांचे जेवण, आणि त्या दिवशी बापाने शेवटचे कन्फेशन कधी केले होते हे विचारायची सोय नाही. मूल हे सगळे पाहते. फोन ठेव म्हणणाऱ्या आईच्या हातात फोन आहे, खोटे बोलू नको म्हणणारा बाप दारावर आलेल्याला ‘घरी नाही म्हणून सांग’ म्हणतो, हे त्याला दिसते. असे मूल पुढे जुन्या वळणाला ढोंग म्हणाले तर त्याचा दोष परंपरेकडे जात नाही.

धर्मग्रामांनी, म्हणजे पॅरिशांनी, या वर्षी एक करून पाहावे. धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलाच्या शेजारच्या बाकावर आई किंवा बाप, आणि शक्य असेल तिथे आजी किंवा आजोबा, बसतील असा नियम करावा. वर्गाचा निदान अर्धा भाग मराठीत असावा. हाताशी ‘सुबोध बायबल’ आहेच. पहिल्या कम्युनियनच्या आदल्या शनिवारी मुलांची जी रांग कन्फेशनला उभी राहते तिच्यात त्यांचे आईवडीलही उभे राहावेत, आणि मुलांच्या मागे नव्हे, पुढे. धर्मगुरूंनी त्या दिवशी स्वतःचे कन्फेशनही त्याच देवळात, मुलांना दिसेल असे करावे. खर्च काही नाही. तक्रारी येतील, वेळ नाही म्हणून सांगितले जाईल, काही जण मुलांची नावे दुसऱ्या धर्मग्रामात घालतील. तक्रारी आल्या तर येऊ द्याव्यात. आगाशीपासून पापडीपर्यंत पाच-सहा धर्मग्रामांनी जरी हे येत्या उपवासकाळापर्यंत नेटाने चालवले, तरी पुढच्या २५ जुलैला फादरांच्या नावाने भाषणे करण्याऐवजी त्या मुलांनी काय पाहिले ते त्यांच्याच तोंडून ऐकता येईल.